पोट भरल्याचा निरोप

माझ्या दादाला गावात 'न खाणारा आचारी' म्हणायचे. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, कोरडवाहू. तिथल्या वाड्या-वस्त्यांवर लग्न असो, बारसं असो नाहीतर सप्ताहाचा काला असो, कढईपाशी दादा असायचाच. सकाळी चुलाण पेटवलं की शेवटची पंगत उठेपर्यंत तो तोंडात चिमूटभरही काही टाकायचा नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधलेल्याची चव घ्यायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे मिठाचा अंदाज आचाऱ्याला चव न घेताच बांधावा लागतो. दादा उकळत्या आमटीवर वाकायचा, पळीभर आमटी वर उचलून तिची धार बघायचा, नाक फुगवायचा आणि म्हणायचा, "मीठ कमी हाय."

मिठाला वास नसतो, हे मी त्याला कितीदा सांगितलं असेल. तो म्हणायचा, "तुझ्या पुस्तकातल्या मिठाला नसंल, मास्तरीण." मी नगरच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, म्हणून त्याने मला हे नाव पाडलं. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर निघायचा. चुकायचा तेव्हा अख्खं गाव पाणी पीत पीत जेवायचं आणि पुढच्या काल्यापर्यंत त्याची टर उडवायचं.

मी राहते भिंगारला. नवरा छावणीतल्या एका कचेरीत नोकरीला आहे. घर, शाळा, पेपर तपासणं यात माझे दिवस जातात आणि भलतेसलते प्रश्न विचारण्याची खोड लहानपणापासून आहे ती आहेच. पण काही प्रश्न इतके रोजचे असतात की तेही सुचत नाहीत. पोट भरलं की माणूस थांबतो, यात कळण्यासारखं काय आहे, असं मला पन्नाशी गाठेपर्यंत वाटत होतं.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. दादाला समोरचं नीट दिसायचं, पण कडेचं दिसेना. हाताशी ठेवलेला झारा तो शोधत बसायचा. पंगतीत वाढताना टोकाच्या माणसाला वगळून पुढे जायचा. आमच्याकडे वाढप्याने वगळलं तर माणूस ते जन्मभर विसरत नाही, त्यामुळे दोन-तीन घरची माणसं रुसली. 'आचाऱ्याला आता मोठेपणा आलाय' असं बोललं गेलं. आम्ही मात्र धुराला दोष दिला. इतकी वर्षं चुलाणाचा धूर डोळ्यांत गेलाय, मोतीबिंदू असेल, असं म्हणून मी त्याला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू नव्हता. दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसत नाही, हे पाहून त्या डॉक्टरने डोक्याचं स्कॅन करायला सांगितलं. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथेच, एक गाठ निघाली.

गाठ कर्करोगाची नव्हती, पण जागा अडचणीची होती. ऑपरेशन पुण्याला झालं, नाकातून. वहिनीला ते काही पटेना. "नाकातनं मेंदूत जात्यात? आन् मधीच शिंक आली तर?" ती मला विचारत राहिली. सर्जनने आधी बसवून सांगितलं होतं की गाठ मेंदूच्या ज्या भागाला चिकटली आहे तिथून भूक, तहान, झोप असल्या गोष्टी चालतात, नंतर त्यात फरक पडू शकतो. आम्ही ते ऐकलं आणि सही केली. त्या वेळी त्याची नजर वाचणं एवढंच आमच्या डोक्यात होतं.

नजर वाचली. गोळ्या मागे लागल्या, पण दादा घरी आला, गाठ गेली आणि कडेचं दिसायला लागलं. मग आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाचं जे करतात तेच त्याचंही सुरू झालं. वहिनीने डिंकाचे लाडू केले. शेजारून तूप आलं. कुणी शेंगोळ्यांचं पातेलं आणून ठेवलं, कुणी हळिवाची खीर दिली. मीही भिंगारच्या बाजारातून पेढे, खारीक आणि चांगले जाड काजू घेऊन गेले. दादा सगळं खायचा. जन्मभर ज्याला वाढताना 'घे रे, घे रे' करावं लागायचं, तो आता स्वतःहून ताट पुढे करत होता. तो महिन्यागणिक भरत गेला आणि येणारा प्रत्येक जण खुशीत म्हणायचा, "चांगलं अंग धरलं की आचाऱ्यानं!" दुखणं गेलं हे आम्ही सगळ्यांनी त्याच्या गालांवरून ठरवलं होतं. मलाही तो आनंद आठवतो. खरंच छान दिसत होता तो, काही दिवस.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत वहिनीचा फोन आला. "वन्सं, एक इचारू का? मानूस जेवून उठल्यावर लगेच पुन्यांदा जेवतं का?"

तिने जे सांगितलं ते असं. दादा पोटभर जेवतो, हात धुतो, आणि ती ताटं उचलून मोरीपर्यंत जाते तोवर त्याचा हात भाकरीच्या टोपलीत असतो. टोपली रिकामी असेल तर शेंगदाण्याच्या डब्यात. शेंगदाणे संपले तर भिजवलेली डाळ. दुपारी बसल्या बसल्या डुलक्या घेतो. हटकलं तर चिडतो, आणि हा माणूस आयुष्यात कधी चिडला नव्हता.

"तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हनत्यात, जेवलो हे मला आठवतंय, पन पोटाला म्हाईत न्हाई."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. पुढचा तास नववीच्या वर्गावर होता. मी शिकवायचं सोडून मुलांना विचारलं, "पोट भरलं हे तुम्हाला कसं कळतं?" वर्ग हसला. मग एकेक उत्तर यायला लागलं. एक म्हणाला, ढेकर येते. दुसरी म्हणाली, भाजी आवडीची नसली की लवकर भरतं. एकाने सांगितलं, ताट रिकामं झालं की. मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "बाई, माझं भरतच न्हाई, पन तास सुरू व्हतो." शास्त्रीय उत्तर कुणालाच आलं नाही, आणि मलाही त्या वेळी येत नव्हतं. पाठ्यपुस्तकात अधश्चेतकाला, म्हणजे हायपोथॅलॅमसला, जेमतेम एका ओळीची जागा आहे. मी ती ओळ वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेत आले आहे.

त्या आठवड्यात मी स्वतःवर नजर ठेवली. घास घेतला की थांबून विचारायचं, भरलं का? पहिल्या चपातीनंतर काही कळायचं नाही. दुसऱ्यानंतरही नाही. मग अचानक भात नकोसा व्हायचा, आणि तो नकोसा नेमका कधी झाला ते मला कधीच पकडता आलं नाही. झोप कधी लागली ते सांगता येत नाही, तसंच हे. मी जेवताना अशी शून्यात बघत बसलेली पाहून नवरा म्हणाला, "आमटीत काही पडलंय का?" मी म्हटलं, "नाही, मी थांबण्याची वाट बघतेय." तो मुकाट्याने आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर गेला.

तोवर गावातला सप्ताह जवळ आला. काल्याच्या दिवशी घरोघरच्या बायका भाकरी थापून टोपल्यांतून देवळात आणतात आणि आमटी-बुंदी देवळामागच्या चुलाणावर होते. ती कढई दादाची. ती त्याला कुणी लिहून दिलेली नव्हती, पण त्याच्याशिवाय तिथे कुणी झारा धरत नसे. जमीन थोडी, शिक्षण नाही, कुठल्या पदावर नाही. काल्याची कढई हीच त्याची गावातली जागा होती. वहिनीने त्याला यंदा राहू द्या म्हणून विनवलं. "मी काय आता आजारी हाय का?" म्हणून तो गेला.

मी त्या दिवशी गावी होते. सभामंडपात काल्याचं कीर्तन रंगलं होतं आणि मागे ताडपत्रीच्या आडोशाला दादा बुंदी पाडत होता. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष, वयाने सगळ्यांत मोठे, नैवेद्याचं ताट भरून घ्यायला मागे गेले. मी त्यांच्यामागून तांब्या घेऊन चालले होते. दादाची आमच्याकडे पाठ होती. परातीतली गरम बुंदी मुठीने उचलून तो तोंडात कोंबत होता. दोन्ही गाल भरलेले, डोळ्यांत पाणी, तोंड भाजत असावं. तरी दुसरी मूठ परातीत गेलेली होती.

अध्यक्ष ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "आचारी, जल्मभर न्हाई ते आजच कसं सुचलं?" दादाने झारा कढईच्या काठावर ठेवला, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि तो घरी निघून गेला. परात उष्टी झाली. दुसऱ्या कुणीतरी घाईघाईने नैवेद्यापुरता शिरा केला. पंगती उशिरा बसल्या आणि त्या उशिराचं कारण पंगतीच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पोचलं. मी पंगतीला न बसता घरी गेले. राग दादाचा आला होता की लोकांचा, ते सांगता येत नाही, पण संताप झाला होता.

घरी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच पाठमोरा म्हणाला, "नैवेद्य व्हायचाय हे मला ठावं हुतं, मास्तरीण. हात तोंडाकडं जात हुता, आन् मी बघत हुतो."

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं नगरला हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण होत्या, घाई नव्हती त्यांना. दादाने खाली मान घालून बुंदीचं सांगितलं. मला वाटलं होतं त्या 'कंट्रोल ठेवा' म्हणतील. त्यांनी कागद ओढला आणि त्यावर मेंदू काढला, तळाशी पेनाने एक बारीक ठिपका दिला, हायपोथॅलॅमसचा.

आपली चरबी म्हणजे नुसती साठवण नाही, त्या म्हणाल्या, ती बोलते. ती रक्तात एक रसायन सोडत असते, लेप्टिन त्याचं नाव. चरबी भरपूर असेल तर ते जास्त, कमी असेल तर कमी. रक्तातून ते या ठिपक्यापर्यंत जातं. जठर रिकामं झालं की तेही आपला निरोप पाठवतं, आतड्यात अन्न उतरलं की आतडं वेगळा निरोप पाठवतं, काही निरोप रक्तातून जातात तर काही नसेवाटे. ठिपक्यात दोन प्रकारच्या पेशी आहेत. एका म्हणतात खा, दुसऱ्या म्हणतात आता पुरे. त्यांची सतत ओढाताण चालते आणि ज्यांची सरशी होईल तसं माणूस वागतो. वर त्याला वाटतं, आपण ठरवलं.

"आणि यांचं?" मी विचारलं.

"यांच्या गाठीने आणि ऑपरेशनने हा ठिपकाच दुखावला आहे. चरबी ओरडून सांगतेय की भरपूर आहे, पण ऐकणाऱ्या पेशीच राहिल्या नाहीत. मेंदूला वाटतं, माणूस उपाशी मरतोय. मग तो भूक वाढवतो, आणि शिवाय शरीराचं जळण कमी करतो. म्हणून ते पेंगतात. थोडं खाल्लं तरी अंगावर चढतं, ते त्यामुळेच."

दादा एवढा वेळ कागदाकडे बघत होता. त्याने विचारलं, "मंग माझी भूक खोटी हाय का, बाई?"

"नाही हो. भूक अगदी खरी आहे. दोन दिवसांच्या उपाशी माणसाला लागते तशी."

खाली घातलेली मान त्याने पहिल्यांदा वर केली. वहिनी पदराने डोळे पुसत होती. नवऱ्याला हावरट म्हणणाऱ्या बायकांशी ती गेले कित्येक दिवस पाणवठ्यावर भांडत होती, आणि मनातून तिलाही तसंच वाटायला लागलं होतं, हे तिने परतताना एसटीत मला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. काहींना उपयोग होतो, काहींना फारसा नाही, बघू, असं स्पष्ट सांगून. बाकी सल्ला साधा होता. खाणं नजरेसमोर ठेवायचं नाही. ताट मोजून वाढायचं, वेळ ठरलेली. डबे कुलपात. आतून थांबा म्हणणारं कुणी उरलेलं नाही, तेव्हा ते बाहेरून कुणीतरी ठरवायचं.

कुलूप म्हटल्यावर वहिनी बिथरली. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती रस्त्यातच उभी राहिली. "नवऱ्याच्या तोंडापुढं कुलूप लावू? लोक काय म्हनतील? आमच्या घरी असं कुनी केलं न्हाई." आणि ते खरंच होतं. आमच्याकडे बाई नवऱ्याआधी जेवली तर बोलणी खाते, मग नवऱ्याचं अन्न कुलपात घालणारीचं काय होईल? मी तिला हायपोथॅलॅमस समजावून सांगत होते आणि ती माझ्याकडे, हिला कुठल्या गावाला जायचंय, अशा नजरेने बघत होती.

शेवटी दादानेच पारनेरच्या आठवडे बाजारातून कुलूप आणलं. फडताळाला कडी-कोयंडा स्वतः ठोकला, कुलूप घातलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. त्या दिवशी ती जेवली नाही. दादा मात्र वाढलं तेवढं जेवला आणि नंतर कितीतरी वेळ फडताळासमोर बसून राहिला. हेही मला तिनेच सांगितलं.

मी तोवर झपाटल्यासारखी वाचत सुटले होते. मला स्वतःबद्दलही नवीन काही कळत होतं. मी आजवर किती वेळा वजन उतरवलं असेल! भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, छावणीच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे ताडताड चालले. वजन उतरायचं आणि वर्षभरात व्याजासकट परत यायचं. मी स्वतःला नेभळट समजायचे. आता समजलं की चरबी कमी झाली की लेप्टिनही घटतं, मेंदूला दुष्काळ पडल्याची बातमी जाते आणि तो दुष्काळी कामं काढल्यासारखा कामाला लागतो. भूक वाढव, जळण वाचव, जे मिळेल ते साठव. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला फार कष्ट पडू नयेत. माझ्या मेंदूने मला वाचवायचाच प्रयत्न केला होता, आणि मी त्याच्याशी भांडत होते. हे कळल्यावर वजन काही कमी झालं नाही, पण वजनकाट्यावर उभं राहताना पोट आत ओढायची सवय सुटली.

एक गोष्ट मात्र कुठल्या पुस्तकात मिळेना. सगळे निरोप तुटलेला माणूस 'पुरे' म्हणायला कसा शिकतो? डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "शिकत नाही. दुसऱ्यावर सोपवतो, जमलं तर."

इंजेक्शनाने थोडा फरक पडला. वजन चढायचं थांबलं, फारसं उतरलं नाही. दादाची चिडचिड कमी झाली. लग्नाची कामं बंदच होती. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण बोलवतही नसत. तो दिवसभर वावरात काहीबाही करायचा आणि संध्याकाळी देवळाकडे न जाता उलट्या बाजूला चालत जायचा. पुन्हा सप्ताहाची पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा तो मला फोनवर म्हणाला, "यंदा नगरचा आचारी आननार हायेत." एवढंच. मी पुढच्या सुट्टीत गावी गेले.

देवळात कमिटी बसली होती. वहिनीला बरोबर घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि चांगलं तासभराचं व्याख्यान दिलं. ठिपका, लेप्टिन, दोन प्रकारच्या पेशी, सगळं. ऐकलं त्यांनी. अध्यक्ष शेवटी म्हणाले, "बाई, मेंदू सगळ्यांनाच हाय." दोघं-तिघं हसले. माझा चेहरा असा काही झाला असेल की वहिनी मला मागे ओढायला लागली.

तेव्हा दारात उभा असलेला दादा आत आला. तो असा आत येईल हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. वहिनीकडे बोट दाखवून म्हणाला, "मला माझी भूक कळत न्हाई. हिला कळती. ही चुलाणापाशी बसंल तर मी कढईला हात लावीन. न्हाई तर तुमी आना नगरहून."

"बायामानूस चुलाणापाशी?" अध्यक्ष म्हणाले. "आजवर बसलं न्हाई कुनी."

"मला बी आजवर असं कधी झालं न्हवतं," दादा म्हणाला.

अध्यक्षांनी वहिनीकडे पाहिलं. तिने पदर सावरला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नैवेद्याआधी त्यांच्या तोंडाला कन लागला तर मला इचारा."

काल्याच्या दिवशी ती चुलाणापासून चार हातांवर पोतं टाकून बसली. सकाळी तिने त्याला घरीच मोजून वाढलं होतं. आमटीला फोडणी बसली आणि तो वास साऱ्या आळीत पसरला, तेव्हा मलाच भूक लागली. त्याच्या आत काय चाललं असेल, मी विचार करत होते. तो झारा हलवता हलवता थांबला आणि सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "मी जेवलोय का गं?"

"जेवलाय. दोन भाकरी, पिठलं."

"बरं." झारा पुन्हा फिरायला लागला.

लाकडं आणणारे हसले. काही वेळाने त्याने तेच विचारलं, तिने तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसायला कुणी उरलं नव्हतं. त्याचा हात एकदा परातीकडे गेला, मी पाहिला. तिने "अहो" एवढंच म्हटलं. हात मागे आला. त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि तो काही नुसत्या आचेचा नव्हता. मी देव मानते की नाही हे मला नक्की सांगता येत नाही, पण नैवेद्याची घंटा वाजली तेव्हा मी हात जोडले.

पंगतीमागून पंगती उठल्या. दादा शेवटच्या पंगतीला बसला, त्याच्या शेजारी अध्यक्ष. वहिनी वाढत होती. भाकरी, आमटी, बुंदी. आमच्याकडे आचाऱ्याला आग्रह केल्याशिवाय पंगत उठत नाही, म्हणून दुसरा वाढपी बुंदीचं ताट घेऊन आला. दादाने वर वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बास. भरलं तुमचं."

त्याने पानावर आडवा हात धरला. अध्यक्षांनी वाढप्याला पुढे जायची खूण केली.

नळावर हात धुताना मी त्याच्याजवळ गेले. मला राहवेना. खोड ती खोडच. "दादा, खरं सांग, भरलं का रे पोट?"

"छे गं," तो हात झटकत म्हणाला. "लई भूक लागलीय."

"मग उठलास कसा?"

त्याने माझ्याकडे, एवढी शिकलेली बाई आणि हे विचारते, अशा नजरेने पाहिलं.

"ती म्हनली ना, भरलं म्हनून."